कोरड्या आभाळाचं खळं

करंजवस्ती, ता. आष्टी, जि. बीड
२२ जुलै २०१५

चि. पंडित यास,

आक्काचा आशीर्वाद. पत्राच्या डोक्याशी आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. मनातून आला की हाताच्या सवयीनं आला, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

तुझी पुठ्ठ्याची नळी मिळाली. पोस्टमननं ती अशी काखेत धरून आणली की मला वाटलं कुणाच्या वरातीतली पिपाणी चुकून आमच्या दारात आली. वर लडाखचा शिक्का बघितला तेव्हा उमगलं. आत नुसता फोटो. ना चिठ्ठी ना चपाटी. नळी उलटी करून झटकली, आत काडी घालून बघितली. दहा महिन्यांनी भावाचं टपाल येतं आणि त्यात एक अक्षर नसतं, म्हणजे कमाल झाली. फोन लावावा तर तुझ्या फोनमधली बाई हिंदीत सांगते की तू पोचण्याच्या पलीकडे आहेस. हे तिनं सांगायला नको, मला आधीच माहीत आहे. म्हणून नळीवर जो हॉटेलचा पत्ता होता त्यावर हे पत्र टाकते आहे. तिथं म्हणे लोक पैसे मोजून अंधार बघायला येतात आणि तू त्यांना तारे दाखवतोस. इकडे पाठव त्यांना, भारनियमनात आम्ही फुकट दाखवू.

फोटो मी बघताक्षणी ओळखला. आपला माळ, आपला लिंब, आणि ध्रुवाभोवती ताऱ्यांची कडी, एकात एक, पार कागदाच्या काठापर्यंत. कुठल्या रात्रीचा आहे तेही ओळखलं. ते इथं लिहीत नाही.

घरात धड भिंत एकच आहे आणि तिच्यावर हारातले आबा आहेत. आबांच्या शेजारी हा फोटो मी लावणार नाही. फाडायला हात धजला नाही, कारण दिसायला तो खरंच सुंदर आहे. मग काच बसवून घेतली आणि दूध संकलन केंद्रात टांगला, फॅट बघायच्या मशिनच्या वर. हो, तुला कुणी सांगितलं नसेल, आपल्या गावच्या दूध संस्थेची मी आता सचिव आहे. नवरा गेल्यावर माहेरी येऊन बसलेल्या बाईला काहीतरी काम हवं, असं अर्जुनराव चेअरमनना वाटलं. सकाळ-संध्याकाळ काटा करायचा, कॅन भरायचे, दूध संघाची गाडी आली की चढवायचे. कॅन आता अर्धे सुद्धा भरत नाहीत. पुनर्वसूचा तरणा पाऊस आला नाही, परवापासून पुष्याचा म्हातारा पाऊस लागलाय, तोही अजून घराबाहेर पडलेला नाही.

फोटो लावला त्याच संध्याकाळी माळावरचा आश्रुबा आला, शेरडाचं दूध घेऊन. शेरडाचं घेत नाही म्हणून रोज सांगते, रोज आणतो. फोटोपुढं उभा राहिला तो हललाच नाही.

"तुळजे, ह्ये खळं कवा पडलं?"

मी म्हटलं, "खळं नाही आश्रुबा, तारे आहेत. आपल्या पंडितनं काढलाय."

"तारं आसं ऱ्हातेत व्हय? म्या जलमभर माळावर निजतोय, मला सांगू नगंस. खळंच हाय ह्ये. आन् केवढं, पार कडंला गेलंय!"

"खळं चंद्राला पडतं. यात चंद्र कुठंय?"

"एवढ्या मोठ्या खळ्यात चंद्र दिसतोय होय? आत बुडाला आसंल."

मागं रांगेत बायका होत्या. त्यातली एक म्हणाली, "खळं लांब तर पाऊस जवळ." आणि रांग मोडून सगळ्या फोटोजवळ गेल्या. दूध तसंच राहिलं. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून तुला कळवते आहे. जिवाला जप.

तुझी आक्का


करंजवस्ती
९ ऑगस्ट २०१५

चि. पंडित,

तुझं उत्तर नाही. मागच्या पत्रात हसू आल्याचं लिहिलं होतं. ते आता राहिलेलं नाही.

फोटोला हळद-कुंकू लागलंय. काचेवर पुसून पुसून बोटांचे डाग पडलेत. शेजारच्या वस्त्यांवरून माणसं खळं बघायला येतात, टोप्या काढून उभी राहतात आणि आश्रुबा त्यांना समजावून सांगतो की एवढ्या लांबचं खळं म्हणजे पाऊस उंबऱ्यावर आहे. त्याचं त्याच्या हिशेबानं चुकत नाही. खळं असतं तर तो म्हणतो तसंच असतं.

कडा गावाच्या बाजूला, कारखान्याच्या पलीकडच्या रानात जनावरांची छावणी सुरू झाली. उसाचे वाढे मिळतात, पेंड मिळते, टँकरचं पाणी. माणसानं जनावराजवळ राहायचं, एवढीच अट. आसपासची गावं गाई-म्हशी घेऊन गेली. आपलं गाव जागचं हललं नाही. का जायचं? पाऊस तर आलाच. मशिनच्या वर टांगलाय.

सगळ्यात पुढं भिवरामावशी. तिची कपिली गाभण आहे. गाय बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झालीय आणि मावशी तिला छपराचं काड काढून घालते. मी म्हटलं, "मावशी, छावणीत ने." ती म्हणाली, "कावून? आज-उद्या पाऊस पडंल, मंग परत आणायची का? पोटुशी जनावर रस्त्यानं हिंडवू व्हय? माझ्या पंडितनं खळं धाडलंय, त्ये काय उगं?"

ऐकलंस ना. माझ्या पंडितनं. आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतास आणि हिनं स्वतःच्या पोराबरोबर तुला अंगावर पाजलं, त्यामुळे तुझा कागद आला म्हणजे तो खराच असणार.

मी काय काय केलं ते सांगते. तू मला एकदा माळावर बसवून सांगितलं होतंस की कॅमेऱ्याची झडप खूप वेळ उघडी ठेवली की तारे रेघा ओढतात, आणि खरं तर तारे नाही, आपणच फिरत असतो. ते मी संस्थेच्या अंगणात सांगून बघितलं. पोरांच्या फिरकीसारखी स्वतःभोवती गरगर फिरले आणि म्हटलं, बघा, फिरते मी, पण मला वाटतं तुम्ही फिरताय. मावशी म्हणाली, "बस गं बाई, चक्कर यील, सकाळधरनं उपाशी हायस." सगळ्या हसल्या.

मग फोटो काढून ठेवला. अर्जुनरावांनी परत लावायला लावला. बाजूला घेऊन म्हणाले, "तुळजाबाई, खळं न्हाई ह्ये मला बी कळतंय. पण जनावरं छावणीत गेली की दूध तिथल्या संस्थेच्या कॅनात जाईल. संघाची गाडी आपल्याकडं फिरकायची न्हाई. संस्था एकदा बंद पडली की पुन्यांदा उभी ऱ्हात न्हाई, आन् तुमची सचिवकी बी. ऱ्हाऊ द्या की, कुणाचं काय वाईट होतंय?" मनानं वाईट माणूस नाही. वीस वर्षं संस्था खांद्यावर वाहिली त्यानं. पण कपिलीच्या बरगड्या त्याला दिसत नाहीत.

आता मुद्द्याचं. माझ्याजवळ एक वाक्य आहे, ते बोलले की खळं संपतं. हा फोटो आबांच्या दहाव्याच्या रात्रीचा आहे. गेल्या भादव्यात आबा गेले आणि त्यानंतर गावात थेंब पडला नाही, हे शेंबड्या पोरालाही तोंडपाठ आहे. या खळ्यानंतर दहा महिने कोरडे गेले एवढं कळलं तर आश्रुबासुद्धा गप्प बसेल.

पण ते बोलायचं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. सकाळी ओढ्यावर डोकं भादरून बापाला पिंड दिला आणि रात्री कॅमेरा घेऊन माळावर फोटो काढत बसला, हे गाव ऐकून घेणार नाही. सुतकातल्या पोरानं घर सोडायचं नसतं. मी तुला वर माळावर बघितलं, बोलायचं ते बोलले, तू पहाटेच्या एसटीनं निघून गेलास, आणि तेराव्याचं पाणी सटवादादानं दिलं. चुलतभाऊ झाला तरी पोटचा पोरगा तो नव्हे. गावाला मी सांगितलं, पंडितला डेंगू झाला, रातोरात नगरला नेला. अजून लोक विचारतात, पंडितचा डेंगू हटला का. मी म्हणते, हटला, पण अशक्तपणा आहे.

तर तू ये. येऊन मावशीला तुझ्या तोंडानं सांग की हे खळं नाही. कुठल्या रात्रीचा ते सांगू नकोस, नुसतं खळं नाही म्हण, तुझं ती ऐकेल. येणं होत नसेल तर चार ओळी तिच्या नावानं लिही, मी वाचून दाखवीन. तेही होत नसेल तर मला लिही, की आक्का, सांगून टाक.

आक्का


करंजवस्ती
१८ ऑगस्ट २०१५

पंडित,

उद्या नागपंचमी. आज भावाचा उपास असतो आणि तो मी धरलाय. तुझ्यासाठी दिवसभर पोटात काही नाही, आणि तू चार ओळी लिहीत नाहीस. पत्र पोचलं नसेल असं मी मनाला दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा समजावण्याची ताकद नाही. बायका दुपारी मेंदी लावत होत्या. मला म्हणाल्या, तू पण लाव. मी म्हटलं, माझ्या हाताला मशिन धुवायच्या ॲसिडचा वास येतो, मेंदी रंगायची नाही.

कपिली काल बसली. चौघींनी शेपटी-शिंगाला धरून उठवली. मावशीनं तिच्या पाठीवर पोतं टाकलं आणि कानात म्हणाली, "दम धर बाई, खळं पडलंय." मी तिथं उभी होते. पोत्याचं टोक ओढून सारखं केलं.

छावणीचा माणूस सांगून गेला की पोळ्यानंतर नवं जनावर घेणार नाहीत. म्हणजे पोळ्यापर्यंत काय ते.

तुला वाटत असेल, आक्का बोलून का टाकत नाही. मला तुझा राग आहे, अजून आहे. त्या रात्री मी तुला जे बोलले त्यातला शब्द मागे घेत नाही. पण राग घरातला आहे. गावाच्या तोंडी तुला द्यायचा म्हणजे तू मग कधीच या रस्त्यानं येणार नाहीस, आणि तुझ्याशिवाय मला आता कोण आहे? हे मी तोंडावर तुला कधी बोलले नसते. पोट रिकामं आहे म्हणून लिहिलं जातंय.

एक उपाय सुचलाय. तुझा पहिला कॅमेरा, ज्यावर तू लग्नं काढायचास, तो ट्रंकेत आहे. तिपाई आहे, बटण दाबून अडकवून ठेवायची ती वायरही आहे. बॅटरी संस्थेत चार्जिंगला लावली आणि ती चक्क भरली. मी सगळ्यांसमोर फोटो काढणार. ठणठणीत कोरड्या आभाळाचा. कडी त्यातही येतील. मग म्हणेन, बघा, पाऊस असो नसो, कडी रोजच येतात. एवढं तर पटेल की नाही? सध्या चांदणं वाढत चाललंय, म्हणून पुनव होऊन गेल्यावर काढीन. तोवर तुझं पत्र आलं तर बरंच.

आक्का


करंजवस्ती
६ सप्टेंबर २०१५

चि. पंडित,

पत्र आलं नाही. राखी पाठवली नाही, पाकिटात घालून परत बाहेर काढली.

फोटो परवा काढला. दिवेलागणीनंतर सगळ्यांना माळावर बोलावलं. निम्मं गाव आलं. छावणीत जायला कुणाला वेळ नाही, पण तमाशाला आहे. आश्रुबानं घोंगडं अंथरलं, मावशीला वर बसवलं. वस्तीवरचे दिवे विझवायला सांगणार होते, तेवढ्यात लाइटच गेली. तुझ्या लडाखवाल्यांना हेवा वाटला असता.

तिपाई नीट उभी राहीना, तिच्या पायात दगड घातले. ध्रुव आपल्याकडे खाली असतो, लिंबाच्या डाव्या अंगाला, ते ध्यानात होतं. बटण अडकवलं. झडप उघडल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. लोकांना वाटलं झाला फोटो. मी म्हटलं, थांबा, आता नुसतं बसायचं. उजेड करायचा नाही, बिडी ओढायची नाही, कॅमेऱ्यासमोर हिंडायचं नाही.

पंडित, ते मला ठाऊक नव्हतं. तू फोटो काढतोस म्हणजे मला वाटायचं सारखं काहीतरी करत असशील, बघत असशील, बटणं फिरवत असशील. करायला काहीच नसतं रे. आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्यात काय चाललंय ते कळत नाही, हात मोकळे. मला आबा आठवले. शेवटच्या दिवसांत पाणी मागायचे आणि आणलं की नको म्हणायचे, ते आठवलं. वर्षात मी आबांसाठी निवांत रडले नव्हते, कामातून फुरसत नव्हती. अंधारात पदर डोळ्याला लावला आणि कुणाला कळलं नाही. शेजारी मावशीही नाक ओढत होती.

मग बटण सोडलं. थोड्या वेळानं कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो उमटला. तुझ्याइतका सुरेख नाही, कडी अर्धीमुर्धीच, चंद्रकोरीच्या आकाराची. पण कडी होती. मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "बघा! आभाळात ढगाचा तुकडा नाही, अन् तरी कडी आली. आता पटलं?"

आश्रुबानं कॅमेरा दोन्ही हातांत धरला, देवाचा टाक धरावा तसा. बराच वेळ बघितला. आणि म्हणाला, "दुसरं खळं!"

पुढं काय झालं ते कसं सांगू. माणसं उठून ओरडायला लागली. "परत खळं पडलं! आपल्या समोर पडलं!" कुणीतरी माझ्या पाया पडलं. मावशी मला मिठी मारून म्हणाली, "तुह्या हाताला बी आलं गं पोरी, तुह्या हाताला बी आलं!" अर्जुनराव मागं उभे होते. ते हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं लिहिते. मान खाली घालून घराकडे गेले.

मी तिपाई आवरली. तिच्या पायातले दगड तसेच माळावर राहिले.

जे छावणीत जायच्या विचारात होते तेही आता राहिले. पोळा बारा तारखेला आहे.

आक्का


करंजवस्ती
१४ सप्टेंबर २०१५

चि. पंडित यास, आक्काचा आशीर्वाद. आज मनातून आहे.

तुझ्या परवानगीची वाट बघितली, आली नाही. मी सांगून टाकलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला. बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचे, तर गावात बैल बोटावर मोजण्याइतके आणि तूप त्याहून कमी. संध्याकाळी सगळे संस्थेत जमले होते. कपिली सकाळी परत बसली होती आणि या वेळी उठवायला सहा माणसं लागली. मी काट्यावरून उठले, फोटो भिंतीवरून काढला आणि फॅटच्या मशिनवर उभा केला.

म्हटलं, "हा फोटो कधीचा, हे तुम्ही मला कुणी विचारलं नाही. आबांच्या दहाव्याच्या रात्रीचा आहे. पंडितला डेंगू झाला नव्हता. तो त्या रात्री माळावर होता, कॅमेरा घेऊन. मी स्वतः बघितलं. मग मी त्याला बोलले आणि तो गेला. आता सांगा, त्या रात्रीनंतर पाऊस कधी पडला?"

आश्रुबाचे ओठ हलत होते, महिने मोजत असावा. मग तो खाली बसला. "मंजी त्या खळ्यानंतर तर," एवढंच म्हणाला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याच्याकडे बघवत नव्हतं, पंडित. खोटा पडल्याचं दुःख नव्हतं त्याला. पाऊस नाही याचं होतं.

मग बाकीचे सुरू झाले. ते जसंच्या तसं लिहिते, तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. "बापाच्या दहाव्याला फोटू?" "डोकं भादरून ह्ये धंदे?" "त्येनंच पाऊस तोडला गावाचा." सटवादादा म्हणाला, "म्या पाणी दिलं तेराव्याला, आन् ह्यो तारं मोजित बसलाता! पुन्यांदा वस्तीवर पाऊल टाकलं तर तंगडं मोडीन." अर्जुनराव तेवढे म्हणाले, "गप बसा बे, मयताचं घर हाय ते." मग मला म्हणाले, "संस्था गेली, तुळजाबाई." मी म्हटलं, हो.

मावशी मात्र उठून घरी गेली. मला वाटलं, माझं तोंड ती आता बघणार नाही.

पोळ्याच्या दिवशी उजाडताच गाव हललं. बैलांना ओवाळलं, शिंगांना जुनाच बेगड लावला, आणि पुरणपोळीचा घास भरवून तसेच छावणीकडे काढले. गाई, म्हशी, वासरं. रस्ताभर धूळ. मी केंद्राला कुलूप घातलं आणि मावशीच्या दारात गेले. ती कपिलीचं दावं सोडत होती. मी न विचारता मागनं हाकायला लागले.

गाय चार पावलं चालायची अन् उभी राहायची. सगळे पुढं निघून गेले. कड्याच्या अलीकडे बाभळीच्या सावलीत तिला टेकू दिला आणि आम्ही बसलो. मावशी तेव्हा बोलली, माझ्याकडे न बघता.

"तुळजे, त्या राती पोरगं एकलंच हुतं वर?"

"हो."

"लई येळ?"

"फोटोला लागतो तेवढा. लई वेळ लागतो."

"आन् तेवढा येळ काय करतेत?"

"काही नाही मावशी. मागं माळावर आपण बसलो होतो ना, तसं. अंधारात बसायचं."

तिनं पदरानं कपिलीच्या डोळ्यावरच्या माशा हाकलल्या. मग म्हणाली, "मंग बापासाठी रडाया गेलता त्यो. खाली घरात पावणे-रावळे, पोराला कुठं रडू देतेत? कॅमेऱ्याचं निमित केलं आसंल." आणि माझ्याकडे वळली. "व्हय ना गं? रडत हुता ना? तू बघितलाय."

पंडित, मी वर आले तेव्हा बॅटरीचा झोत सरळ त्या कॅमेऱ्यावर मारला होता. तुझं तोंड मी बघितलंच नाही. बोलत राहिले आणि तू ऐकत राहिलास. मला खरं ठाऊक नाही.

मी म्हटलं, "व्हय मावशी. रडत होता."

ती उठली. म्हणाली, "मंग झालं. येऊ दे त्याला. सटव्याला काय करायचंय ते मी बघते."

कपिली छावणीत पोचली, पण शेवटचा पल्ला टेंपोत. कानाला बिल्ला लागला. वाढे खाते आहे, अजून व्याली नाही, डॉक्टर म्हणतो जगेल बहुतेक. पाऊस नाही. मावशी तिथंच गोणपाटाच्या आडोशाला राहते आणि येईल त्या बाईला सांगते की माझा पंडित बापाच्या दहाव्याला रात्रभर माळावर रडत बसला होता. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसतात. दोन दिवसांत निम्म्या तालुक्याला कळलं असेल. तू आलास आणि कुणी विचारलं, तर मला खोटी पाडू नकोस.

तुझी आक्का